एसएसडी असूनही उशिरा सुरू होणारा संगणक

गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या एका चाळीतून फोन आला. बोलणारे काका निवृत्त शिक्षक होते आणि त्यांचे म्हणणे एवढेच होते की संगणक सुरू व्हायला चार मिनिटे लागतात, तेवढे बघून द्या, बाकी काही तक्रार नाही. घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करण्याच्या माझ्या कामात ही तक्रार रोजची आहे. बहुतेक घरी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवली आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून आपणहून सुरू होणारे प्रोग्राम बंद केले, की काम भागते. इथे मात्र एसएसडी आधीच बसवलेली होती. ती बसवणाऱ्याने तक्रारीनंतर विंडोज पुन्हा टाकून दिले होते, एका दुकानाने रॅम वाढवली होती, आणि दुसऱ्याने चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, हे खरे असलेले कारण पुढे करून सरळ नवीन मशीन घ्यायला सांगितले होते. वेळ नेमका कुठे जातो, हे यांपैकी एकानेही मोजले नव्हते, आणि आमच्या धंद्यातल्या या सवयीचा मला मनापासून राग येतो.

मोजायचे कसे, हेही सांगायला हवे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलेला संगणक पूर्णपणे बंद होतोच असे नाही; फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. म्हणून खरी सुरुवात पाहायची तर 'रीस्टार्ट' करावे लागते. मी तसे केले आणि मग विंडोजच्या नोंदवहीतली, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमधली १०० क्रमांकाची नोंद उघडली, जिच्यात विंडोज सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. तो चाळीस सेकंदही भरत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात मात्र चार मिनिटे उलटली होती. पाणी मुरत होते ते विंडोज जागे होण्याच्या आधी. मदरबोर्डचे चिन्ह येऊन गेले की काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत राहायची आणि कॅबिनेटमधून टक्, थोडे थांबून पुन्हा टक्, असा आवाज यायचा. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे हा आवाज तिचा असणे शक्य नव्हते.

कॅबिनेट उघडल्यावर जुनी हार्ड डिस्क दिसली. 'डी ड्राइव्ह म्हणून राहू दे' असे सांगून ती आतच ठेवलेली होती. मी तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल काढली आणि बटण दाबले, तेव्हा संगणक सुरूच होईना. योग्य बूट डिव्हाइस (जिच्यावरून सुरू व्हायचे ती डिस्क) निवडा, एवढाच संदेश पडद्यावर आला. इथे उलगडा झाला. नव्या डिस्कवर विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली राहिली, तर इन्स्टॉलर विंडोज सुरू करून देणाऱ्या सुरुवातीच्या फायली जुन्या डिस्कवरच्या आधीच्या सिस्टिम विभागात ठेवून मोकळा होतो. या मशीनमध्ये तो विभाग विंडोज ७ च्या काळातला, १०० एमबीचा होता. विंडोज एसएसडीवर होते, पण त्याच्याकडे जाणारा रस्ता या डिस्कवरून जात होता आणि डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्ट आकड्यांत रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (वाचता न आल्याने संशयित), दोन्ही प्रकारचे सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे, वाढलेले दिसले. खराब सेक्टर वाचता आला नाही की घरगुती डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि ती चार मिनिटे या खटपटीतच जात होती.

"डी ड्राइव्हवर काय आहे, काका?" मी विचारले.

"आमचा कुलवृत्तांत," ते म्हणाले. "सगळ्या शाखांच्या वंशावळी, जुनी पत्रे, फोटो. आणखी कुठेच नाही."

वेग वाढवण्याचे काम मी तिथेच थांबवले. अशा डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन चालवणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. तिच्यात उरलीसुरली धुगधुगी असते तीही त्यात जाते. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरची माहिती उतरवून घेणारे साधन लावले. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि मग त्यांच्याकडे वळते. रात्रभर ते चालू ठेवले. जवळजवळ सगळे आले. राजापूरकडच्या शाखेच्या फोटोंपैकी काही मात्र उघडले नाहीत. ते नातेवाइकांकडून पुन्हा मागवावे लागणार होते. त्यानंतरचे काम किरकोळ होते: एसएसडीवरचा सी विभाग ॲक्टिव्ह करायचा (सुरुवात इथून करा, अशी खूण), विंडोजच्या बीसीडीबूट या आज्ञेने सुरुवातीच्या फायली एसएसडीवर लिहायच्या, जुनी डिस्क काढून टाकायची. संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला.

काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मला विचारले, "म्हणजे त्या आधीच्या मुलाने केबल काढून नीट काम केले असते, तर मशीन पहिल्या दिवसापासून भरभर चालले असते, मी तुम्हाला बोलावलेच नसते आणि डिस्क एक दिवस मुकाट्याने गेली असती. असेच ना?"

बहुधा तसेच झाले असते, हे मला कबूल करावे लागले, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तरीही त्या मुलाची चूक पथ्यावर पडली म्हणून त्याला श्रेय द्यायला मी तयार नाही. एसएसडी बसवली त्या दिवशी त्याने जुन्या डिस्कचे स्मार्ट आकडे उघडून पाहिले असते आणि त्यावर काय ठेवले आहे एवढे विचारले असते, तर राजापूरचे फोटोही बहुधा वाचले असते. हल्ली एसएसडी बसवायला गेलो की जुनी डिस्क आत ठेवायची की नाही, हे मी तिचे आकडे ग्राहकाला दाखवूनच ठरवतो.