सीडी प्लेअरचा क्लॉक बदलला एकदाचा

काल रात्री प्लेअरच्या क्लॉकचा, म्हणजे आतल्या कामाला ठेका देणाऱ्या भागाचा, जुना क्रिस्टल काढलाच, त्याच्यासोबतचे दोन छोटे कपॅसिटर पण. सीडीत सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे मोजलेले नमुने, असतात, माझ्या प्लेअरचा क्रिस्टल १६.९३४४ मेगाहर्ट्झचा म्हणजे बरोब्बर ३८४ पट, आणि त्याचा ठेका जरा जरी डळमळला की सॅम्पल चुकीच्या क्षणाला बाहेर पडतं, यालाच जिटर म्हणतात. नव्या क्लॉक मॉड्यूलला सप्लाय वेगळा दिला, हे लई महत्त्वाचं, नाहीतर मोटरचा नॉइज क्लॉकमध्ये शिरतो आणि मेहनत पाण्यात. वायर पण अगदी आखूड ठेवली. सोलापूरच्या उन्हात दुपारी वरच्या खोलीत सोल्डरिंग होतच नाही, म्हणून रात्री अकराला बसलो. मग भीमसेनजी लावले. तानपुरा आता मागं वेगळा, स्वच्छ ऐकू येतो, मला तरी. आज संध्याकाळी आईला ऐकवणारे.