कोरियातलं लग्न आणि आईचं एक रुपयावालं पाकीट

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात तीन वर्षं एक कोरियन मुलगा होता, वडापावबरोबरची तळलेली मिरची कचाकचा खायचा आणि वर अजून मागायचा, त्याचं सोलला लग्न ठरलं म्हणून मी गेले. नेरुळला घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, अहेराचं काय? मी तोंड उघडायच्या आत तिने कपाटातून गणपतीचं चित्र असलेलं, रुपयाचं नाणं चिकटवलेलं लाल पाकीट काढून माझ्या पर्समध्ये कोंबलं पण.

हॉल सोलच्या गंगनम भागात. हॉल कसला, अख्खी बिल्डिंगच लग्नांची, लिफ्टपाशी स्क्रीनवर कुठल्या मजल्यावर कोणाचं आणि किती वाजता ते लिहिलेलं. मी पैठणी नेसून गेले आणि बाकीचे सगळे काळ्या-करड्या कपड्यात, एक क्षण वाटलं चुकून कुणाच्या बोर्ड मीटिंगमध्ये घुसलेय. पाहुण्यांनी पांढरं घालायचं नाही, तो नवरीचा रंग, एवढं त्याने बजावलं होतं, पण जांभळ्या-हिरव्याचं काय ते मी विचारलं नाही आणि तो बोलला नाही.

दाराशी दोन टेबलं, एक मुलाकडचं, एक मुलीकडचं. लोक येतात, साधं पांढरं पाकीट देतात, मागे नाव लिहिलेलं, टेबलावरचा माणूस त्यावर नंबर टाकतो, वहीत नोंद करतो आणि जेवणाचं कूपन हातात देतो. म्हणजे अहेर द्या, जेवण घ्या, आपल्याकडे जे नुसतं मनात असतं ते यांनी सरळ टेबलावर मांडलंय! रक्कमही आपल्यासारखीच शकुनाची, 30, 50, 70 हजार वोन असा विषम आकडा, 40 हजार नाहीच कारण चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो. 1 लाख मात्र चालतात, म्हणून मी 50 हजाराच्या दोन नोटा आईच्या पाकिटात घातल्या होत्या. टेबलावरच्या काकांनी ते लाल पाकीट उलटसुलट केलं, नाण्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मोबाईलवर ट्रान्सलेट करून दाखवलं की हा एक रुपया वरचा, शकुनाचा. काका जोरात हसले आणि वहीत 1 लाखाच्या पुढे अधिक 1 असं लिहिलं. खरंच लिहिलं, मी वाकून बघितलं.

लग्न 25 मिनिटांत उरकलं. आधी दोन्ही आया हानबोक, म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख, घालून हातात हात घेऊन चालत आल्या, मुलीची आई गुलाबी, मुलाची आई निळ्या रंगात, आणि त्यांनी मेणबत्त्या पेटवल्या. भटजीसारखं कोणीच नाही, एका मित्राने गाणं म्हटलं, नवऱ्याने सासूसासऱ्यांना जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला, की झाले फोटो सुरू. मी फोटोतून बाहेर पडते तोवर पुढच्या लग्नाची फुलं आत यायला लागली. आपल्याकडे एवढ्या वेळात मंगलाष्टकांत मामा मुलीला घेऊन पोचतसुद्धा नाही.

नंतर एका छोट्या खोलीत घरच्यांचा विधी होता, प्येबेक म्हणतात, मला मित्राने हट्टाने आत घेतलं. नवरानवरी पारंपरिक कपड्यात, दोघांनी मिळून एक कापड ताणून धरलेलं आणि आईवडील समोरून त्यात लालसर सुकी बोरं आणि चेस्टनट फेकतात. जेवढी झेलली तेवढी मुलं! ती बोरं अगदी आपल्या खारकेसारखी दिसतात, मला एकदम ओटीतली खारीक, बदाम, हळकुंडच आठवली, फक्त आपल्याकडे कोणी नेम धरून मारत नाही.

जेवणाला बुफे. त्यात गरम रश्श्यातल्या लांब शेवया, लांब म्हणजे दीर्घायुष्य. बाजूच्या आजींनी मला काहीतरी विचारलं, सोबतच्या मैत्रिणीने सांगितलं, "नूडल्स कधी खायला घालणार, असं विचारतायत." म्हणजे लाडू कधी देणार! इतक्या लांब जाऊनही सुटका नाही.

परत आल्यावर आईने तिची अहेराची वही काढली, मित्राचं नाव लिहिलं, पुढे 1 लाख 1 लिहिलं आणि मग दचकून विचारलं, रुपयात किती गं? म्हटलं, साधारण सहा हजार. पेन तसंच हातात धरून म्हणाली, "आणि लग्न किती मिनिटांचं होतं म्हणालीस?"