भिंत भरताना काटा उतरला

विटांच्या घरात प्लंबरला दुसरी संधी मिळते. भिंत उभी राहिली की कटर घ्यायचा, झिरी मारायची, पाइप बसवायचा. चुकलं तर पुन्हा फोडायचं, वरून प्लास्टर येतंच. जुळे सोलापुरातल्या एका बंगल्याचं प्लंबिंग माझ्याकडे होतं, तिथे ही सोय नव्हती. मालकांचा मुलगा पुण्यात तसं घर बघून आला होता: स्लॅबच काय, भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, सहा इंची, आत सळईच्या दोन जाळ्या. नळाची तोंडं, पाइप, वायरमनचे बॉक्स सगळं आधी सळईला बांधायचं, मग दोन्ही बाजूंनी प्लायचा साचा लावायचा, मग काँक्रीट ओतायचं.

असल्या कामात सगळ्यात जास्त वेळ घरच्यांकडून उत्तरं काढण्यात जातो. गीझर कुठे, मिक्सर किती उंचीवर, देवघरात दिव्याचा पॉइंट हवा का? फरशी अजून पडलेली नसते, त्यामुळे सगळी मापं कॉलमवरच्या लेव्हलच्या खुणेवरून. आमचा वायरमन चांगला, पण बॉक्समध्ये थर्माकोलऐवजी रद्दी कोंबतो. कागद भिजला की बसतो आणि मग आत सिमेंटचा रस शिरतो. नंतर छिन्नी घेऊन खरवडत बसतो, पण सवय सोडत नाही.

माझा हट्ट एकच. लाइन रिकामी ठेवून काँक्रीट भरू द्यायचं नाही. पाणी भरायचं, शेवटच्या तोंडाशी थांबून हवा पूर्ण काढायची, हातपंपाने सात किलो प्रेशरवर न्यायची आणि भिंत भरून होईपर्यंत तशीच ठेवायची. गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर खालच्या नळाला अर्धा-पाऊण किलो, म्हणून लोक हसतात. हसू देत. हवा राहिली तर पाइप गळला तरी पंपावरच्या प्रेशर मीटरचा काटा आळसावल्यासारखा सावकाश उतरतो. हवा काढलेली असेल तर सुईएवढं भोकही लगेच कळतं.

मे महिना, म्हणून आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी पहाटेच आली. रात्रभर काटा सातवर होता. ऊन चढलं की उघड्या पाइपातलं पाणी तापतं, काटा वर सरकतो, आणि तसा तो सरकलाही. भिंती सगळीकडून दीड-दोन फुटांच्या थरांनी भरत होत्या. बाथरूमच्या बाजूला काँक्रीट कमरेपर्यंत आलं आणि काटा खाली यायला लागला.

पहिला संशय पंपाच्या व्हॉल्व्हवर. तो बंद करून पाहिला, तरी काटा उतरतच होता. तीन लाइनींना तीन वेगळे व्हॉल्व्ह ठेवले होते, ते एकेक बंद केले. बाथरूमची गरम पाण्याची लाइन बंद केली आणि काटा थांबला. ती लाइन दोन भिंतींतून जाते. प्लायच्या फटींतून सिमेंटचं पाणी झिरपतच असतं, पण मागच्या भिंतीच्या एका गाळ्यात, म्हणजे प्लायच्या एका भागात, वेगळंच दिसलं: बाकीकडे दाट खीर आणि इथे ताक.

इंजिनिअर म्हणाले, "भरून टाका. ही लाइन मेली समजा. गरम पाण्याचा पाइप बाहेरून फिरवू." ठेकेदाराचा जीव गाडीत अडकलेला; ड्रममधला माल उन्हात किती वेळ थांबणार? मी म्हणालो, प्लाय खोला. पाइप बाहेरून फिरवणं मलाही येतं, पण तो सोलापूरच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर कायमचा लोंबणार, आणि आत मेलेल्या पाइपाची तोंडं तशीच राहणार. मालक वयस्कर. एकदा माझ्याकडे, एकदा इंजिनिअरकडे बघून म्हणाले, "प्लंबरमामा म्हणतात तसं करा." ठेकेदाराने मग माझ्याकडे पाहिलंच नाही.

आतल्या बाजूचा प्लाय खोलला तसा माल पायांवर आला. घमेल्यांनी काढला, उरलेला पाइपने धुतला. तेव्हा आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, म्हणून क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, टँकर मागवून ठेवला होता. तो अर्धा या धुण्यातच संपला. मग हाताने चाचपत गेलो. दोन्ही बाजूंचे प्लाय एकमेकांना धरून ठेवणाऱ्या टाय रॉडच्या भोकाला लागूनच पाइपाच्या कडेला ड्रिलच्या बिटाचा अर्धगोल चरा होता आणि तिथून केसासारखी चीर पुढे गेली होती. चऱ्याने आरपार भोक पडलं नव्हतं, म्हणून सकाळी काटा टिकला. काँक्रीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शेजारी फिरली आणि पाइप तडकला.

"कुणी भोक पाडलं बे?" सेंट्रिंगवाल्या अण्णांनी विचारलं. त्यांचा पोरगा खाली बघत उभा. संध्याकाळी एक रॉड कमी दिसला, म्हणून त्याने बाहेरून प्लाय भोसकून तो घातला होता. रॉड घातला हे बरोबरच केलं. नसता घातला तर प्लाय फुगला असता. आत पाइप कुठून जातो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नकाशा ऑफिसात होता, साइटवर नाही. हे इंजिनिअरांना बोललो तेव्हा त्यांना फोन आला.

तुकडा कापून दोन कपलिंग टाकली, सोल्युशन सुकू दिलं आणि पुन्हा सातवर नेलं. तो गाळा दुसऱ्या दिवशी भरला. शेजारच्या गाळ्यांतलं काँक्रीट तिरकं ओघळून आटलं होतं. ते छिन्नीने टाचून, सैल खडी काढून, सिमेंटचा घोळ मारून मगच पुढे. तरी जुन्या-नव्या काँक्रीटचा जोड तो जोडच. तोही बाथरूमच्या भिंतीत, जिथे पाणी कायमचंच.

इंजिनिअर आता म्हणतात की नीट टाचलेला जोड काही करत नाही. हेच त्या दिवशी म्हणाले असते तर भांडण वाचलं असतं. मला मात्र दुसराच प्रश्न सतावतो. बाहेरून फिरवलेला पाइप दहा वर्षांनी खराब झाला तर दोन तासांत बदलता येतो. भिंतीचा जोड बदलता येत नाही. मी पाइप वाचवला, आणि त्यासाठी मालकांच्या भिंतीला जन्माचा जोड दिला. पावसाळ्यात जाऊन हात लावून पाहिलं, कोरडी आहे. एका पावसाळ्यावरून काय सांगणार?

फेकलेल्या मालाचे पैसे ठेकेदाराने अण्णांच्या बिलातून कापले. अण्णा मला म्हणतात, मामा, अर्धे तुम्ही द्या, खोलायला तुम्हीच लावलं. मी अजून हो म्हटलेलं नाही.