मनीप्लांटचं पट्टेदार पान आणि पेरावरचा डोळा

हिरव्या मनीप्लांटवर अचानक अर्धं पांढरं पान निघालं, तर पानाला भुलू नका. त्याच्या देठाजवळ पेरावरचा (खोडाच्या गाठीवरचा) डोळा, म्हणजे जिथून नवा फुटवा निघतो तो कोंब, बघा. खोडावरची पांढरी रेघ त्या डोळ्याखालून गेली असेल तरच पट्टेदार फुटव्याची आशा. डोळा हिरव्या बाजूला असेल तर फुटवाही हिरवाच.

एकेक पेर असलेले तुकडे करून धुतलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावा (न धुतलेल्यात मीठ राहतं, मुळं करपतात). कोकणात हे आषाढात नकोच, काप कुजतो, दसऱ्यानंतर बरं. पूर्ण पांढरा फुटवा देखणा खरा, पण हरितद्रव्याविना तो वेलाच्या जिवावर जगतो, वेगळा लावला की मरतो. वेल पुन्हा हिरवा पडू लागला तर शेवटच्या पट्टेदार पेरापर्यंत छाटा. तीन-चार पिढ्या रोपं सारखी निघाल्याशिवाय नव्या जातीचं बारसं करू नये.