तुम्ही विचारलेत म्हणून: त्याच एजंटला आमचे घर विकायला का दिले नाही

ज्या एजंटने मनासारखे घर मिळवून दिले, त्यालाच जुने घर विकायला का दिले नाहीत, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, आणि स्वतः त्या एजंटनेही काहीशा दुखावल्या स्वरात विचारला. दोन्ही व्यवहार एकाच्या हाती दिले असते तर दलालीत सवलत मिळाली असती, हे मला माहीत होते. तेव्हा मला हिशेब कळत नाही हा समज कृपया सोडून द्यावा.

नव्या घराच्या मूळ मालकांचे कामही तोच पाहत होता. बोली लावण्याआधी आम्ही ते घर पुन्हा पाहायला गेलो, तेव्हा मालकीणबाई कागदपत्रे आणायला आतल्या खोलीत गेल्या, आणि तेवढ्या वेळात तो हलक्या आवाजात म्हणाला, "यांना महिनाअखेरीस पैसे लागणार आहेत, सांगितलेल्या किमतीवर जाऊ नका." त्याने फोनच्या कॅल्क्युलेटरवर एक आकडा मांडला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि लगेच तो पुसून टाकला. बाई बाहेर आल्या, आणि तो त्यांच्याशी घरच्या माणसासारखा बोलू लागला. त्यांची निकड त्यांनीच कधीतरी विश्वासाने त्याला सांगितलेली असणार. आम्ही त्या आकड्याच्या थोडी खालची बोली लावली आणि अखेर नेमक्या त्याच आकड्याला घर घेतले. मला आनंद झाला, हेही लपवत नाही.

परंतु उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत भरायची आहे आणि त्यासाठी जुने घर विकणे किती गरजेचे आहे, हे त्या एजंटला आमच्याइतकेच ठाऊक होते. आमचे घर पाहायला येणाऱ्यांसमोर तो फोन पुन्हा बाहेर निघणार नाही, असे मी कशाच्या आधारावर मानायचे होते?

दोन्ही बाजू ठाऊक असणे हाच तर एजंटचा उपयोग, असे तेव्हा माझेच एक मन म्हणत होते, आणि ते आजही मला पुरते खोडून काढता येत नाही. तो लबाड होता असेही माझे म्हणणे नाही. दलाली दोन टक्के असेल तर किमतीत वाढलेल्या प्रत्येक शंभरातले अठ्ठ्याण्णव मालकाला आणि दोन एजंटला मिळतात. त्या दोनांसाठी त्याने आणखी काही आठवडे का थांबावे? स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एजंटांची स्वतःची घरे इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीला गेल्याचे आणि विकली जाण्यास सरासरी साडेनऊ दिवस जास्त लागल्याचे आढळले. स्वतःचे घर असले की थांबणे परवडते, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

विक्रीसाठी निवडलेल्या दुसऱ्या एजंटने सर्वांत मोठी किंमत सांगितली नव्हती. मोठी किंमत सांगणाऱ्यांना मी आधार विचारला, तेव्हा त्यांनी जाहिरातींतल्या मागण्या दाखवल्या. याने मात्र प्रत्यक्ष पार पडलेल्या व्यवहारांचे आकडे पुढे ठेवले. करारात मी मुदत कमी करून घेतली, खरेदीदाराकडून दलाली घेणार नाही असे लिहून घेतले, आणि आमचा किमान आकडा त्यालाही शेवटपर्यंत सांगितला नाही. घर विकायला वेळ लागला, आणि त्या काळात घरात माझ्या निवडीविषयी पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. पहिल्या एजंटने अधिक किंमत आणली असती की कमी, हे मला सिद्ध करता येणार नाही. तेव्हा त्यावर माझ्याशी वाद घालून उपयोग नाही.

मालकीणबाईंना त्या स्क्रीनविषयी मी आजवर सांगितलेले नाही. आणि एका मैत्रिणीने घर घ्यायचे आहे म्हणून चांगला एजंट विचारला, तेव्हा मी त्याचाच नंबर दिला.