पहिलीचा प्रवेश: शाळा निवडण्याआधी जन्मदाखला उघडून बघा

संक्रांतीच्या आसपास बेळगावात खासगी शाळांच्या फाटकांवर ‘प्रवेश सुरू’चे फलक लागतात आणि घरोघरी चर्चा रंगते. मराठी की इंग्रजी, कॅम्पात की टिळकवाडीत, रिक्षामामा कोण, डोनेशन किती. चर्चा होऊ द्या. पण प्रवेशात किंवा त्यानंतर गाडी अडते ती बहुतेकदा कागदावर, आणि कागद अडतो नावातल्या एखाद्या अक्षरावर. म्हणून आधी कपाटातला जन्मदाखला काढा.

कर्नाटकातला जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजी अशा दोन भाषांत मिळतो. नाव ठेवलं मराठीत, दवाखान्यातल्या माणसानं ते ऐकून कन्नडमध्ये लिहिलं आणि मग त्याचं इंग्रजी झालं. एवढ्या प्रवासात बाळ तेच राहतं, नाव बदलतं. वेदांतच्या शेवटी आपण नुसता ‘टी’ लिहितो, पण कन्नड वळणात ‘त’साठी ‘टीएच’ लिहायची रीत आहे. स्वाती, कीर्ती, भारती यांचंही तेच होतं. ज्ञानेश्वर आपल्याकडे ‘डीएनवाय’नं सुरू होतो, कन्नडवरून उतरवणारा ‘जेएन’ किंवा ‘जीएन’ लिहितो. लक्ष्मीत ‘एक्स’ हवा की ‘केएसएच’, हाही नेहमीचा घोळ. आणखी एक बारीक गोष्ट: आपण ‘रोहन’ लिहितो आणि शेवटचा न अर्धाच उच्चारतो. कन्नडमध्ये तो न पाय मोडून लिहावा लागतो. पूर्ण लिहिला तर वाचणारा ‘रोहना’ वाचतो आणि इंग्रजीत शेवटी एक ‘ए’ चिकटतो. कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या कन्नड मुलाला दाखला मोठ्यानं वाचायला सांगा. दोन मिनिटांत चूक कळते.

दुसरी अडचण आडनावाची. पुष्कळ दाखल्यांवर मुलाच्या नावाच्या रकान्यात फक्त ‘स्वरा’ एवढंच असतं, आधारवर ‘स्वरा पाटील’ आणि शाळेच्या अर्जावर बाप हौसेनं ‘स्वरा मारुती पाटील’ लिहितो. एकाच मुलीची ही तीन नावं सरकारी संगणकाला तीन मुली वाटतात. पहिलीत कुणी काही बोलत नाही, प्रवेश होऊन जातो. पुढे ‘अपार’ क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक काढताना नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळावं लागतं, तेव्हा गाडी थांबते. शिष्यवृत्तीच्या वेळीही तेच.

दाखल्यावर नावाचा रकाना कोराच असेल तर नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालून मिळतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. मात्र अर्ज जिथं जन्माची नोंद झाली तिथंच करावा लागतो, आणि नोंद होते बाळ जन्मलं त्या ठिकाणी. सीमाभागात ही गोष्ट जड जाते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कुणाची नोंद चंदगडला, कुणाची गडहिंग्लजला, आणि निपाणीकडचे तर थेट कोल्हापूरचा दवाखाना गाठतात. महाराष्ट्रातला जन्मदाखला इथल्या शाळेत चालतो, त्यावर इंग्रजी असतंच. पण त्यात दुरुस्ती करायची तर सीमा ओलांडून तिकडेच जावं लागतं. बेळगावच्या कचेरीत कितीही हेलपाटे घातले तरी काही होत नाही. हे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकावं, मे महिन्यात नको.

दाखला नीट झाला की आधार. पाच वर्षांच्या आत काढलेल्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे आणि डोळे नोंदवावे लागतात, ५ ते ७ या वयात हे काम विनामूल्य होतं. त्याच खेपेत नाव जन्मदाखल्याप्रमाणे करून घ्या. क्रम उलटा करू नका. आधी आधार बदललं आणि मग दाखला दुरुस्त झाला तर पुन्हा रांग. आधारवर जन्मतारीख एरवी एकदाच बदलता येते, तेव्हा ती संधी घाईत वाया घालवू नये.

आता वय. कर्नाटकात पहिलीसाठी १ जूनला ६ वर्षं पूर्ण हवीत. एलकेजीला ४, यूकेजीला ५. हा नियम २०२५-२६ पासून लागू व्हायचा होता, पण अनेक मुलांची यूकेजी झालेली असल्यानं त्या एका वर्षापुरती ५ वर्षं ५ महिन्यांची सूट राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांना दिली गेली. ‘दरवर्षी सोडतात हो’ असं कट्ट्यावर कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. सूट असली तर त्या वर्षाचा आदेश निघालेला असतो, शाळेकडे त्याची प्रत मागा. केंद्रीय विद्यालयाचा हिशेब वेगळा आहे: तिथं ६ वर्षं ३१ मार्चला पूर्ण हवीत. एप्रिल-मेमध्ये जन्मलेलं मूल म्हणूनच राज्याच्या शाळेत बसतं आणि केंद्रीय विद्यालयात एक वर्ष थांबतं. काही महिने मोठं मूल पहिलीत बसलं तर काही बिघडत नाही. उलट पेन्सिल धरताना हात कमी दुखतो.

अर्जाच्या नमुन्यात दोन रकाने असे आहेत की पालक ते गुरुजींवर सोडून देतात. पहिला मातृभाषेचा. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात घालताना घाईत कुणीतरी ‘कन्नड’ लिहून टाकतं आणि आपण सही करतो. घरी मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. यात राजकारण नाही, हिशेब आहे. महाराष्ट्राच्या सीईटीतून अभियांत्रिकीसारखे प्रवेश घेताना वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र प्रकार असतो. तिथं मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. बारा वर्षांनी तो दाखला देणारे प्राचार्य आधीचं रेकॉर्डच उघडून बघणार.

दुसरा रकाना जातीचा. इथं कर्नाटकाचीच यादी चालते. मराठा समाज इथं मागासवर्गाच्या प्रवर्ग ३-ब मध्ये येतो, महाराष्ट्रातले नियम आणि तिकडचे दाखले इथल्या सवलतींना उपयोगी पडत नाहीत. मुलाच्या नावाचा जात-उत्पन्न दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून काढा, अर्ज ‘ग्राम वन’ या गावातल्या सेवा केंद्रातूनही भरता येतो. दाखल्यावर ‘आरडी’नं सुरू होणारा जो क्रमांक असतो तोच शाळा संगणकात भरते. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर एक शब्द आणि मुलाच्या अर्जावर दुसरा असं होऊ देऊ नका. ‘मराठा’ असेल तर ‘मराठा’, पुढेमागे शोभेचे शब्द नकोत.

बाकी कागद नेहमीचे: आईवडिलांचं आधार, रेशन कार्ड, मुलाचे चार-सहा फोटो, लसीकरणासाठी ‘तायी’ कार्ड (माता-बाल कार्ड), बँक पासबुक. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मूळ कागद दाखवायचे, ठेवून यायचे नाहीत. एखादा कागद नसला म्हणून सरकारी शाळेनं परत पाठवलं तर शांतपणे आठवण करून द्या की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं १४वं कलम तेच सांगतं. कागद मागाहून देता येतात.

माध्यमाचा निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा, पण तो चुकीच्या भीतीपोटी नको. ‘मराठी शाळेत घातलं तर पोराला कन्नड येणार नाही आणि इथं नोकरी मिळणार नाही’ हे जुनं पालुपद आहे. २०१५च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली आणि २०१७-१८ पासून तिची टप्प्याटप्प्यानं अंमलबजावणी सुरू झाली. मराठी शाळेतही कन्नड शिकवतात. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कन्नड शिकवायला माणूस आहे का? कायम शिक्षक की अतिथी शिक्षक, आणि अतिथी असतील तर जूनपासून असतात की श्रावण उलटल्यावर येतात? शिक्षण हक्क कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, ६१ ते ९० ला तीन. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी भागातल्या छोट्या शाळेत पहिली ते तिसरी एकत्र बसलेली दिसली तर घाबरू नका, नलीकली या खेळत शिकण्याच्या पद्धतीत ती एकत्रच बसतात. पण दोनपैकी एक शिक्षक सतत मीटिंगला असेल तर मात्र शाळा सुधारणा समितीत जाऊन बोला.

कर्नाटकात प्राथमिक शाळा सातवीपर्यंत असते आणि हायस्कूल आठवीपासून सुरू होतं. गावची मराठी शाळा कनिष्ठ प्राथमिक असेल तर ती पाचवीलाच संपते. सहावीला कुठं आणि आठवीला मराठी हायस्कूल कुठल्या गावात, हे आजच विचारून ठेवा. बस जाते का, हेही.

गावातून रोज शहरातल्या शाळेत मूल पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्नाटकाच्या सीईटीत ग्रामीण विद्यार्थ्यांना १५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी पहिली ते दहावी ही दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत हवीत. पहिलीचं एक वर्ष जरी शहरात काढलं तरी हक्क गेला. शाळा जिथं आहे तिथं ग्रामपंचायत आहे की पट्टण पंचायत (नगरपंचायत), हेही बघा, पट्टण पंचायत ग्रामीण धरत नाहीत. नवोदय विद्यालयाचं डोक्यात असेल तर तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली लागते.

खासगी शाळांबद्दल थोडक्यात. कोल्हापूरचे पाहुणे ‘आरटीईचा फॉर्म भरून टाक, फुकट होईल’ म्हणतात. तिकडचं तिकडं. कर्नाटकानं २०१९ मध्ये नियम बदलला. शेजारी सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळेवर शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना फुकट देण्याचं बंधन नाही, आणि आपल्याकडे अशी शाळा जवळपास असतेच. पहिलीला मुलाची परीक्षा किंवा आईबापाची मुलाखत घेऊन निवड करणं कायद्यात बसत नाही, पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शाळेला ते माहीत असतं, म्हणून त्याला ‘गप्पा’ म्हणतात. फी भरण्याआधी मान्यता कितवीपर्यंत आहे आणि ११ अंकी यूडायस क्रमांक काय ते विचारा. कर्नाटकातल्या शाळेचा क्रमांक २९नं सुरू होतो. फलकावर सीबीएसई लिहिलं म्हणून सीबीएसई होत नाही, संलग्नता क्रमांक सीबीएसईच्या संकेतस्थळावर सापडला पाहिजे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची छापील पावती घ्या. कोऱ्या चिठ्ठीवरचा आकडा ही पावती नव्हे.

महाराष्ट्रातून बदलून येणाऱ्यांसाठी: इथली शाळा मेअखेर उघडते, तिकडची जूनच्या मध्यावर. तिकडचा सोडल्याचा दाखला हातात पडेपर्यंत इथं अभ्यास सुरू झालेला असतो. दाखल्याला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, तेव्हा मूल आधी वर्गात बसवा आणि दाखला मागून आणा. दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी तिकडूनच करून घ्या, नाहीतर परत चंदगडची बस. मुलाचा ‘पेन’, म्हणजे कायम शैक्षणिक क्रमांकही लिहून आणा, त्यावरून इथली शाळा नोंद ओढून घेते. तो नसला तर मुलाची दुसरी नोंद तयार होते आणि पुढे ती पुसता पुसता नाकीनऊ येतात.

प्रवेश झाला की जूनमध्येच एकदा शाळेत जाऊन संगणकातली, म्हणजे ‘सॅट्स’मधली नोंद पडद्यावर बघू द्या म्हणावं. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मातृभाषा, जात. आईचं नाव खास बघा, कुणी माहेरचं देतं, कुणी सासरचं. चूक दिसली तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, सोबत जन्मदाखल्याची प्रत जोडा आणि पोच घ्या. दुरुस्ती बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसच्या हातात असली तर फाइल तिकडे जाईल, पण पहिलीच्या जूनमधली चूक महिन्या-दोन महिन्यांत सुटते. हीच चूक दहावीच्या गुणपत्रिकेवर छापली गेली की त्यामागे बोर्डाचे हेलपाटे लागतात.