टपालाची बोट आणि बुशहरचा उथळ समुद्र

माझ्या संग्रहात अर्ध्या आण्याचे एक हिरवे तिकीट आहे. राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याभोवती ‘इंडिया पोस्टेज’ अशी रोमन अक्षरे आहेत आणि तिच्या गालावरून काळा गोल शिक्का उमटलेला आहे. फोर्टातल्या एका विक्रेत्याने हे तिकीट किरकोळ भारतीय तिकिटांच्या डब्यात टाकून दिले होते, म्हणून मला ते दोन चहांच्या पैशांत मिळाले. घरी आणून भिंगाखाली धरल्यावर शिक्क्यातली अक्षरे जुळली. ती ‘बुशायर’ अशी होती. म्हणजे तिकीट हिंदुस्थानचे असले, तरी पत्र टाकले गेले होते इराणच्या बुशहर बंदरात.

हिंदुस्थानच्या टपाल खात्याने मस्कत आणि बुशहर येथे 1864 च्या मे महिन्यात आपली कार्यालये उघडली. बुशहरचे कार्यालय 1923 पर्यंत चालले. परक्या देशात आपले टपाल घर का असावे, याचे उत्तर शोधताना मी त्या बंदराच्या इतिहासात शिरलो आणि थोडी कंपनी सरकारची हकिगत सोडली, तर मला तेथे बहुतेक सर्वत्र आगबोटीच भेटल्या.

कंपनीची हकिगत थोडक्यात अशी. नादिरशहाने 1734 मध्ये आपल्या आरमारासाठी हे ठिकाण निवडले. पुढे इराणचा राज्यकर्ता करीमखान झंद याच्या अमदानीत, 1763 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली आणि 1778 मध्ये कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे तिचा राजकीय प्रतिनिधी, बसऱ्याहून येथे येऊन राहिला. 1873 पर्यंत हा रेसिडेंट मुंबई सरकारच्या हाताखाली होता. मुंबईशी असलेला हा संबंध केवळ कागदोपत्री नव्हता. पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईची ससून गोदी ज्या घराण्याच्या नावाने ओळखली जाते, त्याचा मूळ पुरुष डेव्हिड ससून बगदाद सोडल्यावर आधी बुशहरला राहिला आणि 1832 च्या सुमारास मुंबईत आला. 1856 मध्ये इराणशी युद्ध जुंपले, तेव्हा बुशहर घेणारी फौजही मुंबई इलाख्याचीच होती. त्या मोहिमेत खुशाबच्या लढाईत हाती आलेले, चांदीचा पंजा असलेले निशाण पूना हॉर्स या पलटणीने पुढे मानचिन्ह म्हणून मिरवले.

व्यापाराचे खरे वळण मात्र 1862 मध्ये आले. विल्यम मॅकिननच्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला मुंबईहून आखातात टपाल नेण्याचा ठेका मिळाला. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर हे मॅकिननचे पाठीराखे होते. सुरुवातीला वर्षाला आठच फेऱ्या होत्या, म्हणजे दीड महिन्याला एक बोट. पुढे ती महिन्याला, मग पंधरवड्याला आणि 1874 पासून दर आठवड्याला सुटू लागली. मुंबई, कराची, ग्वादर, मस्कत, बंदर अब्बास, लिंगे, बहरीन, बुशहर आणि शेवटी बसरा असा साधारण तिचा मार्ग असे.

आगबोटीचे कौतुक करताना आपण नेहमी तिच्या वेगाचे करतो. बुशहरपुरते पाहिले तर वेगापेक्षा वेळापत्रक अधिक मोलाचे ठरले, असे माझे मत झाले आहे. शिडाच्या गलबतांचे सारे गणित वाऱ्यावर चाले आणि पावसाळ्यात अरबी समुद्र जवळजवळ बंदच असे. माल केव्हा सुटेल आणि केव्हा पोहोचेल हे नाखव्यालाही सांगता येत नसे, त्यामुळे व्यापाऱ्याला हंगामाचा माल एकदमच भरून ठेवावा लागे आणि त्यात त्याचे भांडवल अडकून पडे. बोटीचा वार ठरल्यावर थोडा माल मागवावा, तो विकावा आणि पुढच्या बोटीने पुन्हा मागवावा, अशी रीत शक्य झाली. हुंडीची मुदतही बोटीच्या हिशेबाने ठरवता येऊ लागली. त्यातच 1864 मध्ये कराचीहून ग्वादर, मुसंदम आणि बुशहरमार्गे आखाताच्या टोकावरील फावपर्यंत समुद्रातून तार टाकली गेली, त्यामुळे मुंबईचा भाव बोटीच्या आधीच बुशहरच्या पेढीवर पोहोचू लागला.

येथपर्यंतची गोष्ट प्रगतीची आहे. पण बुशहरला बोट धक्क्याला लागतच नसे.

हे शहर एका अरुंद द्वीपकल्पाच्या टोकावर वसलेले आहे आणि त्याच्यासमोरचा समुद्र फार उथळ आहे. मोठ्या आगबोटीला किनाऱ्यापासून काही मैल दूर, उघड्या समुद्रात नांगर टाकून उभे राहावे लागे. तेथून पुढे मालाचा ताबा स्थानिक शिडाच्या होड्यांकडे जाई. मुंबईच्या बंदरात ज्यांना पडाव म्हणत, त्यांचेच काम या होड्या करीत. कापडाचे गठ्ठे, साखरेची पोती आणि चहाच्या पेट्या बोटीच्या कुशीवरून दोरांनी खाली सोडायच्या, खाली हेलकावणाऱ्या होडीतील खलाशांनी त्या झेलायच्या आणि मग भरतीचे पाणी साधून किनारा गाठायचा. वायव्येकडून ‘शमाल’ वारा सुटला म्हणजे हेही बंद पडे. बोट नांगरावर डोलत उभी, गाव डोळ्यांसमोर, आणि माल मात्र उतरत नाही, अशी स्थिती होई. टपालाच्या बोटीला फार थांबता येत नसे, त्यामुळे कधी बुशहरचा माल तसाच पुढे बसऱ्याला जाई आणि परतीच्या वाटेवर उतरवला जाई. आगबोटीने शिडाला हरवले असे आपण सरसकट म्हणतो, पण येथे शिडाच्या होडीवाचून आगबोटीचे पानही हलत नव्हते. (जाता जाता, ‘बंदर’ आणि ‘लंगर’ हे दोन्ही शब्द मराठीत फारसीतूनच आलेले आहेत.)

किनाऱ्यावर आलेल्या मालाचा खडतर प्रवास तर पुढेच असे. शहराच्या मागे मशीले नावाची खाजण जमीन पसरलेली होती आणि पाऊस पडला की तिचा चिखल होई. तो टाळण्यासाठी अनेकदा माल पुन्हा होडीत घालून खाडीपलीकडे शीफला नेत आणि तेथून खेचरांवर लादत. काझेरून ओलांडून शिराझपर्यंतच्या वाटेवर एकावर एक घाट आहेत. फारसीत त्यांना ‘कोतल’ म्हणतात आणि त्यांतल्या दोघांची नावे ‘म्हातारीचा कोतल’ आणि ‘मुलीचा कोतल’ अशी आहेत. या चढांवर चाके चालत नसत. खेचराच्या दोन बाजूंना पेलेल एवढाच गठ्ठा बांधता येई, म्हणून मँचेस्टर आणि मुंबईहून निघणाऱ्या कापडाच्या गाठीचे वजनसुद्धा शेवटी शिराझच्या खेचराचा विचार करूनच ठरवावे लागे.

परतीच्या बोटींवर अफू, गालिचे, लोकर, बदाम, डिंक, गुलाबपाणी आणि खजूर चढे. मुंबईच्या तबेल्यांसाठी घोडेही येत. डेकवरच्या उतारूंत करबलेला जाणारे आणि तेथून परतणारे यात्रेकरू मोठ्या संख्येने असत. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि आखातातील बंदरांवर मुंबईच्या बोटींना क्वारंटाइनचा काच सोसावा लागला.

ब्रिटिश इंडिया कंपनीची सद्दी निर्वेध नव्हती. 1901 मध्ये ओडेसाहून रशियन बोट आखातात आली. 1906 मध्ये जर्मनांच्या हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनने नियमित सेवा सुरू केली, तेव्हा भाडी उतरली आणि स्थानिक व्यापाऱ्यांना प्रथमच घासाघीस करण्याची संधी मिळाली. पहिल्या महायुद्धाने ती स्पर्धा संपवली.

बुशहरला खरा धक्का मात्र दुसऱ्या बोटींनी दिला नाही. कारून नदी 1888 मध्ये परदेशी आगबोटींना खुली झाली आणि मोहम्मेरा, अहवाज या वाटेने इस्फहानला माल नेणे सोयीचे होऊ लागले. पुढे 1938 मध्ये आखाताच्या टोकावरील बंदर शाहपूरहून तेहरानमार्गे कास्पियनपर्यंत रेल्वे पूर्ण झाली. तिने बुशहरला वळसाच घातला, कारण ते कोतल आणि ती उथळ खाडी पाहून तेथे रूळ टाकण्याचा हट्ट कोण धरणार? 1946 मध्ये ब्रिटिश रेसिडेंटही आपले बिऱ्हाड बहरीनला घेऊन गेला.

मुंबईहून आखाती बोटी त्यानंतरही सुटत राहिल्या. ‘दारा’ 8 एप्रिल 1961 रोजी दुबईजवळ स्फोटाने गेली आणि 238 माणसे दगावली. तिची बहीण ‘द्वारका’ 1982 पर्यंत टिकली. त्या दोघी डिझेलवर चालत असल्या, तरी आमच्या आजोळी, रत्नागिरीकडे, लोक त्यांना ‘आगबोट’च म्हणत. तिथले एक वृद्ध गृहस्थ तरुणपणी अशाच एका बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होते. ओसरीवर बसले की ते बंदरांची नावे बोटांवर मोजून दाखवीत : कराची, मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत, बसरा. त्या मोजणीत बुशहरचे नाव मी कधी ऐकले नाही.